घोंगडीमागून

उगम म्हणावा असं तिथं काही नाहीच.
बीचच्या मुळाखाली जमीन नुसती घामेजलेली,
गाईच्या खुराएवढा खळगा
आणि त्यात साचलेलं, अजून कुणाचंच नसलेलं पाणी.
दुसरी गाय येते, तोच खळगा फोडते,
तेव्हा कुठं त्याला उतार सापडतो.

पहिल्या वळणावर लाकडाची डोण,
साखळीनं बांधलेला पत्र्याचा मग
आणि दगडावर कोरलेलं नाव: एमिन.
शिशाच्या खाणीतून वर न आलेल्या पोरासाठी
हायरीनं बांधलेली पाणपोई.
रोदोपीच्या डोंगरातली ही जुनी रीत,
गेलेल्याच्या नावानं येणाऱ्याची तहान भागवायची.
येणारा नाव वाचत नाही.
पितो, मिशा पुसतो, चालू लागतो.
हायरी म्हणतो, तेच बरं.

इथवर ओहोळ बिननावाचा.
खालच्या वाडीत मात्र तो फळ्यांच्या पन्हळीतून
धाडकन पडतो लाकडी पिंपात, गरगर फिरतो,
साऱ्या गावाची लोकर धुतो,
म्हणून तिथं त्याचं नाव गरगऱ्या.

झ्युंब्युलानं त्यात आंदणातली घोंगडी सोडली.
बकरीच्या केसांची, तांबडी, दोन पिवळे पट्टे.
आणि मान वळवली
मिरचीच्या भावाबद्दल कुणाला काही सांगायला.

बस, तेवढ्यात.

करवतीच्या गिरणीवर रादोईनं पाहिली,
पण हातात ओंडका होता, आणि ओंडका सोडता येत नाही.
पुलावर शाळेची चार पोरं
(शाळाही चारच पोरांची)
मेंढी बुडाली म्हणून ओरडली.
बाई बाहेर आल्या तेव्हा नुसतं पाणी होतं.
बाईंनी नुसत्या पाण्यावर निबंध लिहायला सांगितला.

पुढे खाणीचं पिवळट पाणी शेजारून येतं.
दहा पावलं दोघं एकाच पात्रात
एकमेकांना न शिवता वाहतात,
एका घरात अबोला धरलेल्या जावांसारखे.
घोंगडी नेमकी त्या रेषेवरून गेली,
पट्टे जुळवत.

फिक्रिये तंबाखूची पानं ओवत होती काठावर.
चिकानं काळे झालेले हात तिनं पुढे केले,
पाहिले, मागे घेतले.
दुसऱ्याच्या आंदणाला असे हात लावतात का?

ट्राउटच्या तळ्यांसाठी स्तोइको इथं निम्मा ओढा वळवतो.
उरलेल्या निम्म्याला घोंगडी झेपेना.
दोन दिवस गोट्यांवर अडकून पडली.
तिच्यावर एक धोबी पक्षी शेपूट हलवत बसला,
मालक असल्यासारखा.
तिसऱ्या रात्री वर कुठंतरी पाऊस झाला असावा.

अर्दा नदी नाव विचारत नाही.
वाळू, बोटभर खोल पाणी, वाळुंजाची रांग,
आणि ओढा संपला
हे ओढ्याला कळायच्या आत संपतो.

मंगळवारच्या बसनं बातमी वर गेली,
बातमीला पाण्याची वाट उलटी चालत नाही.
ड्रायव्हर म्हणाला,
खाली संगमावर विल्को नावाच्या माणसाकडे आहे,
त्याच्या तेरा दिवसांच्या शिंगराच्या अंगावर.
पोर अशक्त आहे, रात्री कुडकुडतं.
परत आणू का?

झ्युंब्युला पन्हळीतली पानं काढत होती.
पाठ न वळवता म्हणाली,
राहू दे.
मग बस सुटताना मागून धावत आली,
काचेवर बोटं वाजवली:

डाग गेला का, तेवढं विचार.