सातवं रीळ

ट्रकवर मी बावीस वर्षं काढली.
नारीन नदीच्या वरच्या अंगाला, जिथं रस्ता संपतो
आणि ट्रक तरीही चालत राहतो,
तिथल्या मेंढपाळांच्या तळांवर
जनरेटर, एक पांढरी चादर आणि डबे घेऊन.

सदुसष्ट साली समुद्राचा सिनेमा मिळाला.
समुद्र तिकडं कुणी पाहिला नव्हता.
पहिली लाट आली
तेव्हा पुढं बसलेल्या पोरांनी पाय वर घेतले.

गोष्ट साधी. कोळ्याचं पोर होडी घेऊन जातं,
धुकं उतरतं, बाप दुसऱ्या होडीतून शोधायला निघतो.
सहावं रीळ संपतं तेव्हा
पडद्यावर काहीच नसतं, नुसता वल्ह्यांचा आवाज.
सातव्यात बाप परततो. होडीत पोराची टोपी.
ती तो दोरीवर वाळत घालतो.

पडद्यावर कुणी रडत नाही.
ते काम चादरीसमोरच्यांचं.
एका तळावर आठवड्यानं पुन्हा गेलो, तर
मेंढ्या कातरणारा एक धिप्पाड गडी कात्री थांबवून म्हणाला,
"त्यानं ती टोपी वाळत का घातली रे?"
मला काय ठाऊक. मी यंत्र चालवणारा.
सातव्याला मी पडद्याकडं बघायचोच नाही, दिव्याकडं बघायचो,
तरी बायको, झुराकान, म्हणायची,
"मयताहून आल्यासारखा जेवतोस."

कारा-बुलुंगला पोचलो, तर माझ्याआधी बातमी पोचलेली.
जनरेटर उतरवायच्या आत बुर्माकान म्हातारी आली,
हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा चरवी.
"डबे किती?"
"सात."
"आम्हाला सहा पुरे."

मी हसलो. ती नाही हसली.
उन्हानं तापलेल्या डब्यावर तळवा ठेवून म्हणाली,
"माझा धाकटा बेचाळीसला गेला. कागद आला.
मेला असं नव्हतं त्यात. ठावठिकाणा नाही, असं होतं.
त्या कागदावर मी पंचवीस वर्षं काढली.
वाईट नाही तो कागद."

त्या रात्री सहाव्यानंतर मी दिवा तसाच ठेवला.
चादर पांढरी, तिच्यावर पाखरं.
कुणी उठेना.
मग अंधारातून कुणीसं म्हणालं, "धुकं दुपारपर्यंत उठतं."
दुसरं कुणी, "बाप पण वल्ह्याला पक्का आहे."
घोंगड्या झटकल्या, झोपलेली पोरं खांद्यावर टाकली
आणि गेले सगळे.
नोंदवहीत मी लिहिलं: सात रिळं दाखवली.
नोकरीतलं एवढंच खोटं.

मग ट्रक भंगारात गेला. चादरीचं झुराकाननं काय केलं, आठवत नाही.
छपरांवर तबकड्या आल्या,
आणि एका हिवाळ्यात, रात्री नऊला,
तोच सिनेमा टीव्हीवर. अख्खा.
माझ्या पोटात खड्डा पडला. तीस वर्षं
त्या गावाचा जीव मी टांगून ठेवला होता, होडीसकट,
आणि आता कुणीतरी दोरी कापणार.

बर्फ वितळल्यावर वर गेलो.
बुर्माकान कधीच गेलेली. तिच्या सुनेनं, सायरानं, चहा ओतला,
तिथल्या रिवाजानं अर्धाच वाडगा.
"सिनेमा पाहिलात?"
"पाहिला की."
माझ्याच्यानं पुढं विचारवेना. तिनंच सांगितलं:

"आम्हाला ठाऊक होतं.
पोरांनी डबे मोजले होते, एक ट्रकवरच राहिला होता.
चांगलं असतं त्यात, तर मागं कोण ठेवतं?
तरी सासूबाई, खोऱ्यात धुकं भरलं की
कंदील दाराबाहेर टांगायच्या.
कुणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.
दोघं होते ना आता, एक आमचा, एक त्या कोळ्याचा."

आणि टीव्हीवर?

"वल्ह्यांचा आवाज आला," ती म्हणाली,
"मी उठून बटण बंद केलं.
खिडकीशी गेले.
पलीकडच्या घरात काच काळी झाली.
मग त्याच्या पलीकडं.
मग चढावरची तिन्ही घरं."

तिनं वाडगा पुन्हा अर्धा भरला.
मी टोपीबद्दल बोललो नाही.