पंधरवडा

राजारामपुरीतल्या टंकलेखकाच्या यंत्रावर
समाकलाचं चिन्ह नव्हतं.
त्यानं प्रबंधभर जागा कोऱ्या सोडल्या
आणि मी रात्री सुभाषनगरात बसून
टाकानं, काळ्या शाईनं, एकेक भरत गेले.
आबांनी रापी थांबवली, वाकून बघितलं:
"ही आरी अशी वाकली कशानं गं, शालन?"

वाकलीय खरी. ही टोचत नाही, गोळा करते.
शून्यापासून आत्तापर्यंतचं सगळं पोटात घेते.
आणि जे शोधायचं ते समीकरणात दोनदा येतं,
एकदा बाहेर, उंबऱ्यावर उघडं,
एकदा आत, हिच्या आकड्यात अडकलेलं.
ते कळल्याशिवाय ते कळत नाही.
"मग सुरवात कुठनं करतीस?"
कुठूनही. काहीतरी चुकीचंच धरायचं,
आत घालायचं,
बाहेर येईल ते पुन्हा आत.

आबा हसले. गिऱ्हाइकाला त्यांनी जन्मभर हेच सांगितलंय.
चरणकर मास्तर यायचे अनवाणी,
नवा जोड हातात धरून: "चावतंय हो."
"चावंल की. पाय त्याला नवा, ते पायाला नवं.
तेल लावा, घाला. पंधरवड्यात गप हुतंय."

आज तळव्यानं चामड्यात खड्डा पाडला,
खड्ड्यानं उद्याची चाल थोडी बदलली,
बदललेल्या चालीनं खड्डा सरकला,
कालच्यापेक्षा कमी.
परवा त्याहून कमी.
मग एके दिवशी चाल तोच खड्डा मागते
जो तिनंच पाडलेला असतो.
करकर तेवढी उरते. ती असू द्यायची.

बिडकर सर मात्र खडूनं फळा ठोकायचे:
कमी होतंय एवढ्यावर भागत नाही!
दर पावलाला ठरल्या पटीत कमी व्हायला हवं,
आणि ती पट एकाहून लहान, आधीच बांधलेली.
नाहीतर हे बघा, म्हणत त्यांनी लिहिलं:
क्ष अधिक एक भागिले क्ष.
एकाच्या पुढच्या कुठल्याही दोन संख्या घ्या,
दर खेपेला जवळ येतात
आणि थांबत कुठेच नाहीत.

मला विलास आठवला.
पिंपरीला गेल्यावर पहिल्या दिवाळीत
आबांशी तीन दिवस बोलला नाही,
पुढच्या दिवाळीत दोन, मग एक, मग दुपारपुरतं.
घटतच गेलं अंतर.
पण दोघंही चाललेले, एकाच अंगाला,
दोघांना टेकायला जागा म्हणून नव्हती.
हे उदाहरण प्रबंधात घातलं नाही.

तोंडी परीक्षेला नवा जोड घातला.
बाभळीच्या सालीत मुरलेलं कातडं,
एक खिळा नाही, सगळी वादीची शिवण.
विद्यापीठाच्या फाटकापासून विभागापर्यंत
दोन्ही टाचा सोलल्या.
परीक्षक धारवाडचे. म्हणाले,
उत्तर एकच आहे, हे कशावरून?
म्हटलं, समजा दोन आहेत.
दोघांना एकदा फिरवून बघा: दोघंही जागचे हलत नाहीत,
आणि मधलं अंतर तर घटायलाच हवं.
न हलता घटेल असं अंतर असतंच कुठं?
बोलताना डावा पाय अधांतरी धरला होता.
त्यांनी मान डोलावली, पाण्याचा ग्लास पुढं केला.

रात्री आबांनी टाच पाहिली.
तळहातावर एरंडेल घेतलं,
टाचेला नाही, चपलेला लावलं.
"अजून किती, आबा?"
"चौदा."
आजचा त्यांनी धरला असावा.