खरी फूटपट्टी

उद्यमनगरात माझं दुकान. जातीचा सुतार,
पण दारं-खिडक्या मी करत नाही.
मी पॅटर्न करतो. पंपाची बॉडी, पुली, गिअरकेस,
सगळं आधी लाकडात.
मग ते वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात,
पोकळी उरते तिच्यात लोखंडाचा रस.
माझं लाकूड तिथून फाउंड्रीच्या माळ्यावर,
पाठीवर नंबर घालून पडून राहतं.

माझी फूटपट्टीसुद्धा खोटी.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून तिचा फूट फुटाहून जरा लांब.
चाळीस वर्षं मी सगळं
थोडं मोठंच मापत आलो.

नेमगोंडा मगदूम आला तो सुरळी घेऊन.
गोकुळ शिरगावात त्याचं शेड, शेडात विमान,
म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड,
आणि नाकाच्या जागी भोक.
'पंखा करून देशील काय?'
'आकस किती धरू?'
'काय नको. लाकूड लाकूडच राहणार.'
त्याच संध्याकाळी महाद्वार रोडला जाऊन
मी एक खरी पट्टी घेतली.

शिवणीच्या सात फळ्या, मध्ये इपॉक्सी,
रात्रभर शिकंज्यात.
पहिला पंखा उलट्या हाताचा झाला,
कागद मी शेपटाकडून वाचला होता.
अनसूया त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.
दुसरा बरोबर आला.
आरपार सळई घालून दोन धारांवर तोलला,
तर डावं पातं खाली जायचं.
उजव्याला वार्निशचा एक हात. परत एक. परत अर्धा.
शेवटी सोडावा तिथं थांबायला लागला,
पण कुणी शिंकलं तरी फिरायचा.

इंजिन दस्तगीर शिकलगारच्या ओम्नीचं.
एकवीस वर्षं त्यानं शाळेची पोरं नेली-आणली,
हे त्याच्या बुडाखाली तापत असायचं.
गाडी भंगारात गेली, इंजिन नेमगोंडानं उचललं.
रिंगा नव्या, हेड घासलेलं,
पुढं बेल्टचं रिडक्शन, मागं रबरी बुशांवर चार बोल्ट.
वजन हिशेबापेक्षा अकरा किलो जास्त भरलं
तेव्हा बॅटरी शेपटीत नेऊन बसवली.

मग पंख्याचे सहा बोल्ट. समोरासमोरचे, थोडे थोडे,
रेंच टक म्हणेपर्यंत.
'जपून आवळ,' मी म्हणालो, 'लोखंड न्हाई ते.'
स्टुलावर पेन्सिल उभी धरली.
एक पातं तिला लागून गेलं,
दुसरं केसभर लांबून.
सिगारेटच्या चांदीची घडी घातली मागं, जमलं.
बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवली,
एक सुटायला लागला तर दुसरा आवळेल अशी.

शेपूट उसाच्या ट्रॉलीला साखळदंडानं बांधलं.
'सगळी मागं व्हा!'
धर्र. बंद.
धर्र. बंद.
मग लागलं,
आणि पातं दिसेना.
जन्मात पहिल्यांदा मी माझं काम चालताना बघत होतो
आणि बघायला काहीच नव्हतं,
नुसता एक पिवळट गोल, त्याच्याआडून नेमगोंडाचा चष्मा.
पाला उडाला, कुणाची तरी छत्री गेली,
ट्रॉली वीतभर सरकली.

दस्तगीर माझ्या कानाशी ओरडला,
'तिसरा अजून खोकतोय बघ!
टेंबलाईच्या चढाला असाच खोकायचा!'
बंद केल्यावरही तो ओरडतच होता,
'रिकामं असलं की कुरकुरतंय. पोरं बसली की गप!'
'सीट एकच हाय, मामा,' नेमगोंडा म्हणाला.

परवानगीचे कागद दिल्लीला गेलेत.
दिवेलागणीला आम्ही पंखा आडवा करून ठेवला,
दोन्ही टोकांना अनसूयानं शिवलेले अभ्रे चढवले.
मी खिशातली पट्टी काढून उगाच मापलं.
पाच फूट दोन इंच. होतं तेवढंच.
निघताना दस्तगीरनं नाकावरच्या पत्र्याला
दोन थापा मारल्या,
शेवटचं पोर आत चढल्यावर
मारायचा तशा.