शेरा

सकाळी साडेआठला मी कुंपणाचं फाटक उघडते.
कडी गार असली तर बोटं आधी सांगतात,
पारा मागून.
पांढऱ्या झडपांच्या पेटीत चार तापमापक,
गवतात रुतलेलं पावसाचं नरसाळं,
आणि खांबावर तो काचेचा गोळा,
दिवसभर ऊन एकवटून
निळ्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर जळकी रेघ ओढणारा.
एकवीस वर्षं झाली.
सूर्याचं अक्षर मला लागतं.

हिवाळ्यात रेघ तुटक असायची,
धुक्यानं मधले शब्द खाल्लेले.
यंदा माघातच ती सलग, जाड,
कुणी रागानं पेन दाबून लिहावं तशी.
दुपारी साडेचारला मात्र एकदम थांबते:
पश्चिमेला अकरा मजली इमारत उठली आहे.
वहीपुरता सूर्य तेव्हाच मावळतो.
मी तसं लिहिते. दिसलं ते लिहायचं, एवढाच नियम.

पावणेनऊला फोन. हातोदचे बगदीराम पाटीदार.
ते मालवीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते,
इंदुरात चालतं हे;
अडलंच तर मधे हिंदी असते,
दोन्ही घरी चहा पिणाऱ्या शेजारणीसारखी.
रात्रीचं किती? एवढंच विचारतात.
दिवसाच्या उन्हाचं त्यांना काही नाही.
दाणा रात्री भरतो, म्हणतात,
गार झोप लागली तर.

मागच्या आठवड्यात चौदा होतं.
काल सतरा पूर्णांक दोन.
पलीकडे बराच वेळ नुसता पंपाचा आवाज.
मग: "बई, गऊँ उतावळा हुई ग्या."

उतावळा झाला गहू.
चिकात होता तोवरच ओंबी पिवळी पडली.
पानं वाढून झाली नाहीत
आणि पंगत उठली.

भादव्यात मी त्यांना आनंदानं सांगितलं होतं,
पाऊस नऊशे चाळीस, सरासरीइतका.
त्यातले तीनशे दोन रात्रींत आले,
आणि त्याआधी सव्वीस दिवस
माझ्या नरसाळ्यात कोळी राहत होता.
सोयाबीनला झाडावरच, शेंगेतच मोड आले.
बेरजेत हे कुठेच दिसत नाही.
बेरीज बरोबर होती.
मी दोनदा तपासली.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले.
कानामागे हिरवा रंग तसाच,
हातात दोन पुरचुंड्या.
"नातीनं मोजलेत. ह्यात हजार, ह्यात हजार.
हे गेल्या सालचे, बियाण्यातले.
हे परवा काढलेले.
तुमच्या काचेत घाला."

मी म्हणाले, ही पावसाची काच आहे.
"पाऊसच आहे हा," ते म्हणाले.

गेल्या सालचे हजार
तीनाच्या खुणेला टेकले.
यंदाचे ओतले. काच टिचकीनं हलवली, पुन्हा हलवली.
सवयीनं गुडघे वाकवून, डोळा रेघेशी आणून
मी मोठ्यानं वाचलं:
दोन पूर्णांक एक मिलिमीटर.
ते हसले. मीही हसले.
मग कुणी आधी थांबायचं, कळेना.

त्या दिवशीच्या वहीत पाऊस: शून्य.
दव: नाही. ढग: एक अष्टमांश.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे मी वर्षानुवर्षं 'निरंक' लिहीत आले,
इतकं की हात आपोआप वळतो.
'नि' लिहून झाला होता.
तो खोडला. वहीत खाडाखोड चालत नाही,
बाजूला सही करावी लागते.
सही केली.
पुढे काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

आज काच धुताना तळाशी एक दाणा निघाला,
बारीक, पोटाशी सुरकुतलेला.
कुठल्या पुरचुंडीतला, विचारावं लागलं नाही.
खिशात टाकला.

पावणेनऊ. फोन.
रात्रीचं किती?
एकोणीस, मी सांगते,
आणि पंपाचा आवाज सुरू व्हायच्या आत
या वेळी मीच विचारते,
उन्हाळी मुगाचं काय ठरवलंत?