शंभर ग्रॅम आणि चौथा क्वार्टर

चिठ्ठीत दोनच ओळी.
अक्षर उजागरे सरांचं वाटत नाही,
डावा हात अजून नवशिका आहे.
ते चीज. ती मॅच.
ते म्हणजे कुठलं, ती म्हणजे कोणती,
हे मला माहीत असणारच, असं धरून चाललेत.

कॉलेज रोडच्या नव्या दुकानात
दारातच निफाडच्या डिसेंबरसारखी थंडी.
फळीवर पास्त्याचे शंख, फुलपाखरं,
माझ्या जुन्या लुनाच्या स्प्रिंगा.
मी आजवर सगळ्यांना शेवयाच म्हणत आले.
काउंटरवरच्या बोरस्ते बाईंनी विचारलं,
"चोवीस महिने मुरलेलं देऊ की छत्तीस?"
अडतीस वर्षांचं आहे का, म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. वजन केलं.
शंभर ग्रॅम. सहाशे चाळीस रुपये.

सत्त्याऐंशी साली सर एकदाच देशाबाहेर गेले,
ज्युनिअर टीमचे मॅनेजर म्हणून, इटलीला.
तीन मॅचेस, तिन्ही चाळीसच्या फरकानं घालवल्या.
येताना वर्तमानपत्रात गुंडाळून एक तुकडा आणला,
शरणपूरच्या कोर्टावर आम्हाला लेअपच्या रांगेत उभं केलं
आणि प्रत्येकीच्या तळहातावर नखाएवढा ठेवला,
प्रभुभोजनाच्या भाकरीसारखा.
आम्ही नळावर जाऊन थुंकलो.
मोज्यांचा वास येतो, कुंदा म्हणाली.
सर म्हणाले, "चव लागायला वेळ लागतो.
डाव्या हातानं ड्रिबल करण्यासारखं आहे ते."

मॅच मात्र कॉलेज रोडला मिळत नाही.
फोनवर आहे की, भाचा म्हणाला.
सरांनी फोन परत केला होता:
"यात ते मुंग्यांएवढे दिसतात.
मी त्यांच्याकडे मान वर करून बघायचो."

मग भद्रकाली. हाफिज मणियारच्या दुकानात
मिक्सरच्या उघड्या पोटांमागे कॅसेटींची भिंत,
लग्नं, सुंता, मुंजी, कुणाचा तरी निरोपसमारंभ.
तो शिडीवर चढला, खोकला, फुंकर मारली.
निळ्या पेनानं: हिरवे वि. पिवळे, फायनल, ८४.
कुणाच्या तरी मेहुण्यानं कुवेतहून भरून पाठवलेली.
हीच.
हिच्यासमोर आम्ही अकराजणी जमिनीवर बसायचो,
आणि सर पडद्यावर पट्टी आपटायचे:
"खांदा खोटं बोलेल. कमरेकडे बघा."
कॅसेट तीनशे, व्हीसीआर भाड्यानं पाचशे.
"हेड साफ केलंय ताई. पण आतलं काय ते मी बघितलेलं नाही."

चीज सुरीला दाद देईना.
रूथवहिनींनी अडकित्ता काढला.
सरांनी चुरा जिभेवर ठेवला,
चावला नाही, डोळे पडद्यावर.
पहिला क्वार्टर. दुसरा. तिसरा.
रंग उडून हिरवे राखाडी झालेले, पिवळे पांढरे,
तरी कोण कोण ते सरांना पाठीवरून कळत होतं.

चौथ्यात, साडेचार मिनिटं उरलेली असताना
चित्र थरथरलं, आडवे पट्टे आले,
आणि हळद.
सातपूरच्या कुठल्यातरी मांडवातली.
थर्माकोलवर चि. भाऊसाहेब, अर्धा 'ब' गळालेला.
मी उठले. काय बोलावं सुचेना.
आठशे रुपये, शिडी, धूळ, आणि हे.

"थांब, लिंबू."
पस्तीसेक वर्षांत या नावानं
मला कुणी हाक मारली नव्हती.

पंगत बसलेली. एक वाढपी, वीसेक वर्षांचा,
जिलेबीचं ताट घेऊन दोन रांगांच्या मध्ये अडकला.
समोरून म्हातारी, मागून पाण्याचा जग.
तो डाव्या पायावर फिरला,
म्हातारीला खांदा दाखवला, दुसरीकडून निसटला,
एक रांगतं पोर कडेनं काढलं
आणि कोपऱ्यातल्या पानावर दोन जिलेब्या अलगद सोडल्या.

सरांचा चांगला हात वर गेला.
"पाय," तोंडातलं सांभाळत ते म्हणाले,
"बघितलास? पाय उचलला नाही त्यानं."

याला मीठ जास्त आहे, रूथवहिनी म्हणाल्या.

मी रिवाइंड दाबलं.
वाढपी उलटा उलटा मागे गेला,
पोर परत रांगत आलं,
पानावरच्या दोन जिलेब्या उडून
पुन्हा ताटात बसल्या.