अंगठा

हर्णैला सोसायटीच्या वरच्या मजल्यावर,
खाली बर्फ फोडायचं मशीन चालू,
बत्तीस तांडेल-खलाशी सतरंजीवर दाटीवाटीने.
हजेरीपटावर सह्या एकोणतीस, अंगठे तीन.
मी पुण्याहून आणलेला वायरलेस टेबलावर मांडला
आणि दहाच्या ठोक्याला सुरू झालो.

वारंवारता म्हणालो. आपत्कालीन कार्यपद्धती म्हणालो.
अक्षांश म्हणालो, रेखांश म्हणालो.
दर वीस मिनिटांनी "समजलं का?" म्हणालो
आणि माना हलल्या,
नांगरलेल्या होड्या हलतात तशा,
जागच्या जागी.

जेवणानंतर (बांगड्याचं तिखलं, भात, तेही त्यांचंच)
बटणाशी आलो.
"हे दाबलं की आपण बोलायचं.
दाबलेलं असेतो समोरचं काही ऐकू येत नाही.
बोलून झालं की ओव्हर म्हणायचं, अंगठा उचलायचा.
महत्त्वाचं आहे, लिहून घ्या."

मागे हिराजी चोगले खाकरला.
"मास्तर, मंग तुमी कवा उचलनार?
सकालधरनं दाबलेलाच हाय."

हशा झाला. मीही हसलो, जरा उशिराने.
पुढचं चित्र लावायला हात गेला
आणि तिथेच राहिला.
खालचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं.
पंख्याची कुरकुर. कुणीतरी पाय बदलला.
गप्प उभं राहणं
मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मग हिराजीच बोलला, या वेळी न हसता.
गेल्या आश्विनात त्याच्या मेव्हण्याची बोट,
इंजिनात पाणी. सोळा नंबरवर हाक घातली.
किनाऱ्यावरचा माणूस चांगला होता, शिकलेला.
नाव विचारत होता, नोंदणी क्रमांक विचारत होता,
अक्षांश रेखांश विचारत होता,
"घाबरू नका, घाबरू नका" म्हणत होता,
बटण मात्र सोडत नव्हता.
आणि मेव्हणा ओरडत होता त्याच वेळी:
दीपगृहाचा दिवा नि टावरचा लाल दिवा
एका रेघेत, बारा वाव पानी!

"आमी जवल होताव म्हनून तुटक तुटक आयकलाव.
मानसा आनली. बोट नाय."

दोन दिवे एका रेघेत.
बारा वाव.
मी वहीत लिहून घेतलं. सकाळपासून
तीस चित्रांमधून मी हेच तर सांगत होतो,
त्यांना आधीपासून येत असलेलं,
त्यांना न कळणाऱ्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी पडदा गुंडाळलेलाच ठेवला.
वारे कसे ओळखता, विचारलं. खडक कुठे, विचारलं.
फळ्यावर त्यांनी काढलेला किनारा
माझ्या नकाशापेक्षा वाकडा होता,
आणि त्यात तीन खडक जास्त होते.

शेवटी यंत्र हातोहात फिरलं.
सगळ्यात धाकटा रोहिदास, जाळ्याने कापलेली बोटं,
त्याने बटण दाबलं, घसा साफ केला:
"मास्तर, आयकू येतंय काय? ओव्हर."
आणि अंगठा उचलून
माझ्याकडे बघत थांबला.