अठरा पॉइंट दोन

मोबाइलमध्ये अजून अठरा पॉइंट दोनच आहे.
चार तासांपासून तेवढंच.
खाली बारीक अक्षरात : उपकरण संपर्कात नाही.

नाशिकला, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
पाण्याच्या मशीनजवळच्या खुर्चीत बसून
मी अंगठ्याने स्क्रीन खाली ओढतो, सोडतो.
गोल फिरतं, थांबतं. अठरा पॉइंट दोन.
भिंतीवरल्या फोटोतला माणूस जसा
दरवर्षी त्याच वयाचा.

सावद्याला वावधन आलं म्हणे, साडेसातला.
वाघोद्याकडचे तीन खांब आडवे.
माझ्या चेंबरमध्ये सहाशे क्रेट,
दुसरा दिवस,
गॅस कालच सोडलेला.
दुसऱ्या दिवशी केळी दिसते हिरवीच,
पण आतून ठरवून बसलेली असते.

रुबाब तडवीला फोन लावला.
"लाईन गेलती, आता आली भो," तो म्हणाला,
"पन डबा सगळं विसरला."
काय दिसतंय त्याच्यावर, वाच.
त्याने एकेक आकडा वाचला, शाळेत उभं राहून वाचावा तसा :
"शून्य एक. शून्य एक. दोन हजार.
बारा वाजून चार मिनटं.
अन् मोठ्या अक्षरात पंचवीस."

पंचवीस हा कारखान्याने जन्मताना दिलेला आकडा.
वीज गेली की त्याला तेवढाच आठवतो.
विकणारं पोरगं म्हणालं होतं, काका, हा हुशार आहे,
तुम्ही जगात कुठेही असा.
मी जगात कुठेही नव्हतो कधी,
भुसावळच्या पुढे गेलो तर केळीच्याच मागे.
आता आहे,
तर हा राऊटरला शोधत होता तेव्हा राऊटर उठत होता,
राऊटर उठला तोवर हा शोधून थकला.
दोघं एकाच भिंतीवर, हातभर अंतरावर,
नि एकमेकांना दिसेनात.

एक जानेवारी दोन हजार.
बारा वाजून चार मिनिटांनी आम्ही गच्चीवर होतो.
चेंबरच्या जागी तेव्हा वांग्यांचे वाफे,
आणि कोकिळाच्या अंगात माझा स्वेटर.
जगातले सगळे कॉम्प्युटर आज गोंधळणार,
पेपरात आलं होतं.
ती म्हणाली, आपल्याकडे कुठे आहे, झोपा.

इथे तिच्या खाटेशी वीज जाते ती
तीन सेकंद. खालून जनरेटर घुरघुरतो
आणि तिच्या डोक्यामागचा डबा
जिथे होता तिथूनच पुढे मोजायला लागतो.

रुबाब, मधलं बटण दाबून धर.
"धरलं."
काही होतंय?
"लुकलुकतंय."
मग?
"आता नाही लुकलुकत."
बरं, दार उघड. आत जा. हात लाव.
दाराचं रबर सुटल्याचा आवाज आला,
त्याच्या चपलांचा,
मग बराच वेळ काहीच नाही.
"वरल्या क्रेटा गरम झाल्यात. खालच्या ठीक.
वास सुटलाय, भो. गोड."
तो वास नाशिकपर्यंत आला असं मी म्हणणार नाही.
इथे फिनेलचा होता.

एसी हातानेच चालव, मी म्हटलं. चालू, बंद, चालू.
"घड्याळ पाहून?"
नाही, हात लावून.
"रातभर?"
रातभर.
तो काही बोलला नाही.
खाट ओढल्याचा आवाज तेवढा आला.

साडेअकराला सिस्टरने आत सोडलं.
कोकिळाने डोळे न उघडता विचारलं, किती आहे?
पायथ्याचा कागद पाहून मी म्हटलं, एकशे एक.
सकाळपेक्षा कमी.
"माझा नव्हे," ती म्हणाली. "केळीचा."

मी खिशातून मोबाइल काढला.
अठरा पॉइंट दोन, म्हटलं.
खोटं नव्हतं,
जे दिसत होतं तेच वाचलं.
तिने चादरीतून हात बाहेर काढला.
मी धरला.
वरून गरम होता. तळव्यात ठीक.